बागेतल्या बाकावरचा महिना: अपयशाच्या भीतीचे एक प्रकरण

1933 च्या ऑगस्ट महिन्यात, महाविद्यालय पुन्हा सुरू होण्यापूर्वी, न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या अल्बर्ट एलिस यांनी स्वतःला एक काम नेमून दिले. घराजवळच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचे, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचे आणि एका मिनिटाच्या आत तिच्याशी बोलायला सुरुवात करायची. पुढे मानसोपचाराच्या क्षेत्रात मोठे नाव झालेल्या एलिस यांनी हा प्रसंग आयुष्यभर अनेकदा सांगितला, आणि वारंवार सांगितल्या जाणाऱ्या प्रसंगांचे जे होते तेच त्याचे झाले: लोक तो गमतीदार किस्सा म्हणून वाचतात आणि पुढे जातात. माझ्या मते नवी गोष्ट शिकताना अपयशाच्या भीतीने थबकणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असे यात फार काही आहे, म्हणून येथे तो एक प्रकरण म्हणून सविस्तर तपासला आहे.

पार्श्वभूमी

एलिस यांचा जन्म 27 सप्टेंबर 1913 रोजी पिट्सबर्ग येथे झाला आणि ते वाढले न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना अनेकदा रुग्णालयात राहावे लागले, त्यातला एक मुक्काम तर जवळजवळ वर्षभराचा होता. वडील कामानिमित्त बहुतेक काळ घराबाहेर असत, आईचे घरात फारसे लक्ष नसे, आणि एलिस बारा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले. धाकट्या भावंडांकडे लक्ष देण्याचे काम बऱ्याच अंशी त्यांच्यावर पडले. अभ्यासात ते हुशार होते, वाचन अफाट होते, पण चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की घाम फुटायचा. प्रस्तुत प्रसंगाच्या वेळी ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये वाणिज्य शाखेचे विद्यार्थी होते. मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण अजून कित्येक वर्षे दूर होते. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना 1947 मध्ये मिळाली.

भीती दोन प्रकारची होती. एक म्हणजे सभेत बोलण्याची, आणि दुसरी म्हणजे अनोळखी तरुणींशी बोलण्याची. दुसऱ्या भीतीचे त्यांनी केलेले वर्णन ज्याने कधी काही टाळले आहे त्या प्रत्येकाला ओळखीचे वाटेल. ते बागेत जात, एखादी मुलगी आवडे, तीही आपल्याकडे पाहते आहे असे वाटे, आणि मग ते तिच्या बाकावर न बसता पलीकडच्या बाकावर बसत. बसल्यावर कारणे सुचू लागत: ती कुणाची तरी वाट पाहत असेल, तिला वाचायचे असेल, आजचा दिवसच बरोबर नाही. कारणे संपेपर्यंत ती मुलगी उठून गेलेली असे, आणि त्या क्षणी जे वाटे त्यात चुटपुट जितकी असे तितकीच सुटकाही असे.

या सुटकेकडे नीट पाहायला हवे, कारण अपयशाची भीती तिच्यावरच पोसली जाते. भीती वाटली, माणूस मागे फिरला आणि लगेच हायसे वाटले, तर त्याच्या मनाला मागे फिरण्याचे बक्षीस त्या जागेवरच मिळते. पुढच्या वेळी मागे फिरणे अधिक सोपे होते. दरम्यान ज्या गोष्टीची भीती आहे ती प्रत्यक्षात घडल्यावर काय होते, हे कळण्याची संधी मात्र एकदाही मिळत नाही. वर्षानुवर्षे टाळणाऱ्या माणसाच्या अनुभवात अपयश जवळजवळ नसतेच, असते ती त्याची कल्पना, आणि कल्पनेला तपासणारे कुणी नसल्यामुळे ती वाढतच जाते.

पहिला प्रयोग: सभेत बोलणे

बागेतल्या प्रयोगाआधी त्यांनी सभेच्या भीतीवर काम केले होते आणि क्रम म्हणून ते लक्षात घेणे आवश्यक आहे. एलिस एका राजकीय युवक गटात होते, गटाची भूमिका लोकांपुढे मांडण्याची जबाबदारी त्यांच्यावर येत होती, आणि ते ती शक्य तितकी टाळत होते. त्याच काळात त्यांच्या वाचनात वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांच्या प्रभावाखाली झालेले प्रयोग आले. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सशाला घाबरणारा तीन वर्षांच्या आसपासचा एक मुलगा होता. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा आधी दूर ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा, असे करत अखेर तो मुलगा सशाला हात लावू लागला. एलिस यांनी विचार केला की लहान मुलाच्या बाबतीत जे चालते ते आपल्यावर का चालू नये. त्यांनी ठरवून, नियमितपणे बोलायला सुरुवात केली. पहिल्या भाषणांत छाती धडधडत होती आणि शब्द अडखळत होते. काही आठवड्यांत अस्वस्थता उतरली आणि आपल्याला बोलता येते, इतकेच नव्हे तर ते आवडते, असा त्यांना शोध लागला. ज्या माणसाने पुढे अनेक दशके मॅनहॅटनमधील आपल्या संस्थेत शुक्रवारच्या संध्याकाळी शेकडो लोकांसमोर मंचावर बसून समुपदेशन केले, तो माणूस इथून सुरू झाला.

दुसरा प्रयोग: बाक

महिनाभरात एलिस यांना एकट्या बसलेल्या एकशे तीस स्त्रिया आढळल्या आणि ते त्या प्रत्येकीच्या शेजारी जाऊन बसले. तीस जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी त्यांनी आयुष्यात प्रथमच मोकळेपणाने बोलून पाहिले. विषय होते झाडे, पक्षी, फुले, हातातले पुस्तक, विणकाम. शंभरांपैकी एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ठरलेल्या वेळी ती आली नाही.

मुलीशी ओळख वाढवून पुन्हा भेटायचे, हा हेतू धरला तर महिन्याचा निकाल शून्य होता. तरीही महिना संपला तेव्हा भीती गेलेली होती, आणि एलिस यांच्या सांगण्यानुसार ती पुन्हा कधीच परतली नाही. भीती जाण्यासाठी यश मिळावे लागते असे आपण सगळे धरून चालतो. मुलाने गणितात एकदा चांगले गुण मिळवले की त्याची धास्ती जाईल, सुनेची पहिली पोळी टम्म फुगली की ती स्वयंपाकघरात सरावेल, असे आपण म्हणतो. येथे यश मिळालेच नाही, तरी भीती गेली. मग ती कशामुळे गेली?

एलिस यांनी स्वतः दिलेले उत्तर साधे होते. नकार मिळाल्यावर काहीच भयंकर घडले नाही. कुणी ओरडले नाही, पोलिसांना बोलावले नाही, कुणाला उलटी झाली नाही. ज्या अनर्थाच्या कल्पनेवर इतकी वर्षे गेली तो अनर्थ तीस वेळा यायला हवा होता आणि एकदाही आला नाही.

हे उत्तर खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. नकार मिळाल्याने आणखी खचणारी माणसेही असतात, आणि त्यांच्याही बाबतीत पोलीस आलेले नसतात. फरक एलिस यांनी स्वतःला नेमून दिलेल्या कामाच्या शब्दांत होता. मैत्रीण मिळवायची, असे काम त्यांनी नेमले नव्हते. छाप पाडायची, असेही नव्हते. बाकावर बसायचे आणि मिनिटाच्या आत बोलायला लागायचे, एवढेच नेमले होते, आणि हे पूर्णपणे त्यांच्या हातात होते. समोरच्या व्यक्तीच्या मर्जीवर, रूपावर, नशिबावर त्यातले काहीही अवलंबून नव्हते. या मापाने पाहिले तर एकशे तीसपैकी एकशे तीस वेळा ते यशस्वी झाले. ज्या तीस जणी लगेच उठून गेल्या त्यांच्याबाबतही एलिस यांच्या हातात होते तेवढे काम पूर्ण झालेले होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, आपल्याला एखादी गोष्ट करता येईल हा विश्वास सर्वांत अधिक बळकट होतो तो ती प्रत्यक्ष करून दाखवण्याच्या अनुभवातून. वरवर पाहता एलिस यांचा महिना या सिद्धांताच्या विरुद्ध जातो. नेमून घेतलेले काम कोणते होते हे ध्यानात घेतले की विरोध उरत नाही, कारण त्या महिन्यात त्यांच्याइतका सलग आणि निर्विवाद यशाचा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

दुसरी गोष्ट एका मिनिटाची. भीती वाटणारा माणूस बहुधा धीर येण्याची वाट पाहतो आणि धीर आला की सुरू करू असे म्हणतो. एलिस यांनी धीराला वेळच दिला नाही. कारणे सुचायला दोन मिनिटे लागतात, तीन लागतात. एका मिनिटात एखाद-दुसरेच सुचते. पलीकडच्या बाकाची सोयही नियमानेच काढून घेतली होती. सुटकेचे जे बक्षीस आधी प्रत्येक वेळी मिळत होते ते अशा रीतीने बंद झाले, आणि मला वाटते की प्रयोगाचा अर्धा परिणाम या एका अटीत आहे.

तिसरी गोष्ट, हे सर्व एका महिन्यात झाले. एकशे तीस प्रसंग दहा वर्षांत विखुरले असते तर प्रत्येक नकार स्वतंत्रपणे लक्षात राहिला असता, त्यावर रात्री विचार झाला असता, मित्रांशी चर्चा झाली असती. दिवसाला चार-पाच प्रसंग येऊ लागले की एकेका प्रसंगाला तेवढे महत्त्व देणे शक्यच होत नाही.

नंतर त्यातून काय उभे राहिले

एलिस यांनी 1955 पासून मनोविश्लेषणाची, म्हणजे फ्रॉइड यांच्या उपचारपद्धतीची, वाट सोडून स्वतःची पद्धत वापरायला सुरुवात केली आणि 1959 मध्ये तिच्यासाठी संस्था स्थापन केली. मराठी वाचकांना ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून परिचित आहे, आणि त्याचे श्रेय मुख्यतः कि. मो. फडके यांना जाते, ज्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही विचारपद्धती मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचले. तिचा गाभा असा की घटना माणसाला थेट दुःखी करत नाही. घटना आणि दुःख यांच्यामध्ये त्या घटनेविषयीची त्याची धारणा असते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांच्या विचारांचे ऋण एलिस नेहमी मान्य करत.

बागेच्या प्रकरणाला ही मांडणी लावली तर असे दिसते. स्त्री उठून गेली, ही घटना. तिने उठून जाता कामा नये होते, ती गेली हे भयंकर आहे, आणि ती गेली म्हणजे मी कवडीमोलाचा आहे, ही धारणा. छातीत धडधड आणि पुढच्या वेळी पलीकडचा बाक, हा परिणाम. धारणेचे तीन भाग आहेत आणि तिसरा सर्वांत घातक आहे. एखादे काम बिघडले असे म्हणणे आणि मी बिघडलेला आहे असे म्हणणे यांत एलिस काटेकोर भेद करत. कृतीचे मूल्यमापन करावे, ते केल्याशिवाय सुधारणा होत नाही. पण एका कृतीवरून संपूर्ण माणसाला गुण देण्याचा खटाटोप त्यांच्या मते मुळातच अतार्किक आहे. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी घराघरांत नेमका हाच घोटाळा होतो. गणितात कमी पडले, हे वाक्य संध्याकाळपर्यंत मुलाच्या नावापुढे लावण्याचे विशेषण होऊन बसते, आणि असे विशेषण लागलेला मुलगा पुढे चाळिशीत काही नवे शिकायला निघाला की पहिल्याच चुकीला ते त्याच्या कानात वाजते.

पुढे एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना मुद्दाम लाज वाटेल अशा गोष्टी करायला सांगत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत येणाऱ्या स्थानकाचे नाव मोठ्याने ओरडून सांगायचे आणि तिथे न उतरता डब्यातच बसून राहायचे. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखे रस्त्याने फिरवायचे. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. पण ओरडल्यानंतर, सगळे आपल्याकडे पाहत असताना डब्यात बसून राहणे, यात बागेतल्या बाकाचीच अट आहे: पळून जायची सोय नाही, आणि लोक हसले तरी आपण आहोत तसेच आहोत हे त्या बसण्यात कळते.

मर्यादा

हे एका व्यक्तीचे, तिनेच सांगितलेले प्रकरण आहे आणि ते सांगितले गेले ते बरीच वर्षे उलटल्यावर. आकडे एलिस यांच्या आठवणीतले आहेत. त्यांचा स्वभाव मुळात चिवट होता; तसा चिवटपणा नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी सर्वांत कठीण पायरीवर उडी घेतली तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही, आणि अशांसाठी जोन्स यांच्या सशाचा संथ मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

त्याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. त्या एकशे तीस स्त्रिया बागेत निवांत बसायला आल्या होत्या, कुणाच्या सरावाचे साहित्य होण्यासाठी नव्हे. अनोळखी पुरुष शेजारी येऊन बसल्यावर एकट्या स्त्रीला काय वाटते याची नोंद या प्रकरणात कुठेच नाही, आणि उठून गेलेल्या तीस जणींच्या मनात काय होते हे विचारायचे कुणाला सुचले नाही. आजच्या तरुणाने या प्रयोगाची नक्कल करू नये असे मी स्पष्टपणे लिहितो. आपल्या भीतीचा खर्च आपण स्वतः सोसावा. दुसऱ्याच्या स्वास्थ्यातून तो वसूल करण्याचा अधिकार कुणालाही नाही. सुदैवाने नव्या गोष्टी शिकताना असे करण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

हेच चारचाकीच्या शिकवणीत

समजा पन्नाशीतल्या एखाद्या बाईंनी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले आहे. सपाट रस्त्यावर त्यांना बऱ्यापैकी जमते. चढावर गाडी थांबली की मात्र हातपाय गळतात, कारण निघताना गाडी मागे सरकते, क्लच घाईने सुटतो, गाडी आचका देऊन बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू होतात. मग त्या चढ असलेला रस्ताच टाळू लागतात, शिकवणाराही त्यांची कीव येऊन सपाट रस्त्यावरच फिरवतो, आणि परवाना हातात आल्यावर गाडी दाराशी उभी राहते ती राहतेच. अशी घरे आपल्या ओळखीत पुष्कळ आहेत.

या बाईंनी आजच्या तासाला गाडी बंद न पाडता चढ चढायचा, असे ठरवले तर काम त्यांच्या हाताबाहेरचे होते आणि पहिल्याच आचक्याला तास वाया गेल्यासारखा वाटतो. त्याऐवजी काम असे ठरवावे: वर्दळ नसलेल्या वेळी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेल्या गाडीत, एकाच चढावर दहा वेळा थांबायचे आणि दहा वेळा निघायचा प्रयत्न करायचा. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडत जायचा. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, बॉनेट जरासे उचलल्यासारखे दिसते, स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते, तिथे पाय थांबवायचा आणि थोडा अॅक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा. गाडी बंद पडली तर हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रल करायचे, चावी फिरवायची आणि तो प्रयत्न मोजून पुढचा घ्यायचा. दहापैकी सात वेळा बंद पडली तरी दहा प्रयत्न झाले म्हणजे आजचे काम पूर्ण झाले.

हात बसू लागल्यावर पुढची पायरी म्हणजे मागे एखादे वाहन असताना हेच करणे, आणि येथे एलिस यांची धारणेची चिकित्सा कामी येते. मागचा माणूस हॉर्न वाजवील, त्याला अर्धा मिनिट थांबावे लागेल, कदाचित पुढे जाताना काच खाली करून काहीतरी बोलेल. हे सगळे अप्रिय आहे आणि ते अप्रियच म्हणावे. पण त्याच्या बोलण्याने चालकाची लायकी ठरत नाही, आणि क्लच कुठे पकडतो या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याकडे नसते. हॉर्न सुरू झाल्यावर शिकवणाऱ्याने गाडी स्वतः बाहेर काढून देऊ नये; धोका नसेल तर शिकणाऱ्या व्यक्तीलाच ती निघेपर्यंत प्रयत्न करू द्यावा. त्याने दयेपोटी पायाशी असलेला क्लच दाबला की पलीकडचा बाक मिळाला म्हणून समजावे.

नोंद ठेवायची असेल तर वहीत तीन रकाने पुरतात: प्रयत्न किती, गाडी बंद किती वेळा पडली, आणि बंद पडल्यावर प्रत्यक्षात काय झाले. तिसरा रकाना अनेक जण रिकामा सोडतात, कारण लिहिण्यासारखे काही झालेलेच नसते. तरीही तो भरावा, आणि काही झाले नाही असेच भरावे. किती भीती वाटली हेही लिहावेसे वाटत असेल, तर तासाच्या आधी काय होईल असे वाटत होते ते आधी लिहून ठेवावे आणि तास संपल्यावर काय झाले ते त्याखाली लिहावे. नंतर आठवून लिहिलेली भीती भरवशाची नसते. दोन-तीन आठवडे असा सराव करूनही छातीतली धडधड तसूभर कमी होत नसेल, श्वास कोंडत असेल किंवा आदल्या रात्रीची झोप उडत असेल, तर ती अपयशाची सर्वसाधारण भीती नव्हे आणि अशा वेळी सरावाची पट्टी वाढवण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी.